गुलाम नसलेली माणसे आणि गुलामगिरीचे युद्ध

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या पायदळ पलटणींमध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या सव्विसाव्या पलटणीचे नाव फार वरच्या जागी घेतले जाते. १ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणांगणावर ही पलटण आठशेहून थोड्या अधिक माणसांनिशी उतरली आणि त्याच दिवशी दुपारी तिची सहाशेच्या जवळपास माणसे ठार वा जखमी झाली. लष्करी इतिहासकार हा आकडा पराक्रमाचे माप म्हणून देतात, आणि पराक्रमाविषयी वाद घालण्याचे काही कारण नाही. प्रश्न निराळा आहे. या माणसांपैकी बहुतेकांच्या घरी एकही गुलाम नव्हता. मग गुलामगिरी टिकविण्यासाठी उभारलेल्या राज्यासाठी ती एवढ्या संख्येने का मेली? हा प्रश्न केवळ अमेरिकेच्या इतिहासाचा नाही; परंतु त्याचे उत्तर तेथील तपशिलातच शोधले पाहिजे, कारण ढोबळ सिद्धान्तांनी ते मिळत नाही.

पलटण ऑगस्ट १८६१ मध्ये रॅलेजवळच्या छावणीत उभी राहिली. तिच्या दहा कंपन्या राज्याच्या मध्य व पश्चिम भागांतून आल्या होत्या. अॅश, विल्क्स व कॉल्डवेल हे डोंगराळ वा डोंगराच्या पायथ्याचे जिल्हे, तर चॅटम, मूर, युनियन, अॅन्सन व वेक हे मध्यभागातले. मक्याचे व गव्हाचे शेत, दोन गाई, जंगलात मोकळी सोडलेली डुकरे, स्वतःचे व मुलाबाळांचे श्रम, असा यांतील बहुसंख्य घरांचा संसार. १८६० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ९ लाख ९२ हजार होती आणि तीपैकी ३ लाख ३१ हजार माणसे गुलाम होती. म्हणजे दर तीन माणसांमागे एक गुलाम. पण गुलामांची मालकी गोऱ्या कुटुंबांपैकी चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक कुटुंबांकडेच होती, आणि मोठे मळेवाले त्यांतलेही मूठभर.

या मूठभरांच्या हाती राज्ययंत्र कसे होते, हे दोन गोष्टींवरून कळते. पहिली मताधिकाराची. राज्याच्या वरिष्ठ सभागृहासाठी मत देण्यास पन्नास एकर जमिनीची अट होती. ती १८५७ साली उठली. तोवर भूमिहीन गोरा माणूस या बाबतीत अर्धाच नागरिक होता. दुसरी करांची. गुलामावरचा कर त्याच्या किमतीवर नसे. विशिष्ट वयातील गुलामांवर सरसकट डोईपट्टी असे. धडधाकट गुलामाची बाजारातील किंमत हजार डॉलरांच्या वर गेलेली, आणि तरी त्यावरचा कर नाममात्र. गुलाम ही मालमत्ता असेल तर तिच्यावर मालमत्तेप्रमाणे किमतीच्या प्रमाणात कर घ्या, अशी मागणी रॅलेच्या कारागिरांनी संघटना करून मांडली आणि १८६० ची गव्हर्नरपदाची निवडणूक या मुद्द्यावर गाजली. मागणी करणाऱ्यांचा उमेदवार पडला. तथापि युद्धाच्या आदल्या वर्षी गोऱ्या समाजात वर्गीय भांडण उघड झाले होते, एवढे यावरून निश्चित होते. फेब्रुवारी १८६१ मध्ये फुटून निघण्याचा विचार करण्यासाठी परिषद बोलवावी काय, असा कौल घेतला गेला, तेव्हा राज्याने अगदी थोड्या मतांनी का होईना, नकार दिला. एप्रिलमध्ये सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, लिंकनने सैन्य मागितले, आणि २० मे रोजी नॉर्थ कॅरोलायना फुटले.

पलटणीच्या पहिल्या दोन नायकांत हे सारे राज्य सामावले होते. कर्नल झेब्युलन व्हॅन्स हा पश्चिमेच्या डोंगरातला वकील, विनोदी वक्ता, काँग्रेसचा सदस्य, आणि लिंकनच्या त्या हाकेपर्यंत संघराज्याचा पुरस्कर्ता. कवायतीत त्याला रस नव्हता. लेफ्टनंट कर्नल हेन्री किंग बर्गविन हा रोअनोक नदीकाठच्या मोठ्या मळेवाल्याचा मुलगा. त्याची आई बोस्टनकडची. व्हर्जिनियाच्या लष्करी विद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला, वय अवघे एकोणीस. शेतकऱ्यांच्या पोरांना त्याची कडक शिस्त प्रथम असह्य झाली, पुढे तीच त्यांच्या अभिमानाचा विषय झाली. माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा हुकूम ऐकत आली, त्यांचाच हुकूम रणांगणावर ऐकणे त्यांना जड गेले नाही, असे म्हणता येईल. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. बर्गविन खरोखरच चांगला सेनानी होता, आणि आपला जीव वाचविणाऱ्या अधिकाऱ्याविषयी सैनिकाला वाटणारी निष्ठा वर्गाच्या हिशेबात मावत नाही.

पलटणीची पहिली मोठी लढाई १४ मार्च १८६२ ला न्यू बर्न या बंदराजवळ झाली. ती हरली. सव्विसावी पलटण उजव्या बगलेला शेवटपर्यंत टिकून राहिली आणि माघारीत एक खाडी ओलांडताना तिची काही माणसे बुडाली. लष्करी इतिहासात हा प्रसंग येथे संपतो. सामाजिक इतिहासात तो येथे सुरू होतो. न्यू बर्न उत्तरेच्या ताब्यात जाताच आसपासच्या मळ्यांवरचे गुलाम हजारोंनी तेथे पळून आले. त्यांनी तटबंदीची कामे केली, शाळा मागितल्या, हेरगिरी केली. गुलामीतून पळालेला अब्राहम गॅलोवे हा त्यांचा पुढारी. १८६३ साली त्याच गावात काळ्या सैनिकांची पहिली नॉर्थ कॅरोलायना पलटण भरती झाली आणि युद्ध संपेपर्यंत या राज्यातून पाच हजारांवर काळे सैनिक उत्तरेच्या बाजूने उभे राहिले. ‘नॉर्थ कॅरोलायनाचे सैनिक’ म्हटले की आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर हे पाच हजार येत नाहीत.

सव्विसाव्या पलटणीचे सैनिक एक वर्षाच्या बोलीवर आले होते. ते वर्ष भरण्यापूर्वीच, १६ एप्रिल १८६२ रोजी, कॉन्फेडरेट काँग्रेसने अठरा ते पस्तीस वयाच्या गोऱ्या पुरुषांसाठी सक्तीच्या भरतीचा कायदा केला आणि वर्षाच्या बोलीवर आलेल्यांना तीन वर्षांसाठी अडकवून ठेवले. ज्याच्यापाशी पैसा होता त्याला आपल्या जागी बदली इसम धाडण्याची मुभा होती. ऑक्टोबरमध्ये आणखी एक सवलत आली. वीस गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला, मालकाला वा मुकादमाला, भरतीतून सूट मिळाली. सरकारचे म्हणणे असे की, पुरुष युद्धावर गेल्यावर गुलामांवर देखरेख कोणी करायची? म्हणजे गुलामांच्या बंडाचे भय सरकारने कायद्यातच लिहून ठेवले. श्रीमंतांचे युद्ध आणि गरिबांची लढाई, ही तक्रार त्यानंतर छावणीछावणीत ऐकू येऊ लागली.

याच पलटणीच्या एफ कंपनीत, कॉल्डवेल जिल्ह्यातून, मार्च १८६२ मध्ये कीथ ब्लेलॉक नावाचा तरुण आला आणि त्याच्याबरोबर ‘सॅम’ नावाचा त्याचा भाऊ. कीथ मनाने संघराज्याचा होता. संधी मिळताच उत्तरेकडे निसटावे हा त्याचा बेत. तो जुळेना, तेव्हा त्याने अंगाला विषारी वनस्पती चोळून घेतली, अंगभर पुरळ उठवले आणि सुटका मिळविली. तो सुटताच ‘सॅम’ने अधिकाऱ्यांपुढे उघड केले की आपण भाऊ नसून त्याची पत्नी मलिंडा आहोत. दोघे डोंगरात परतली आणि पुढे संघराज्यवाद्यांच्या टोळीत राहून पळून आलेल्यांना टेनेसीच्या वाटेला लावीत राहिली. पलटणीच्या गौरवगाथेत या दाम्पत्याचा उल्लेख गमतीदार किस्सा म्हणून होतो. वस्तुतः डोंगरी जिल्ह्यांत युद्धाविषयी किती खोल मतभेद होते, याचा तो पुरावा आहे.

घरी काय चालले होते? साध्या सैनिकाचा पगार महिना अकरा डॉलर. तो जून १८६४ मध्ये अठरा झाला. त्या अवधीत सरकारने युद्धाचा खर्च करांतून न काढता मुख्यतः नोटा छापून काढला, कारण कर बसवायचे तर ते जमीन व गुलामांवर बसवावे लागले असते. परिणाम अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगता येईल. युद्धाच्या अखेरीस किमती आरंभीच्या नव्वदपटीहून अधिक झाल्या. एप्रिल १८६३ मध्ये शेतमालाचा दहावा हिस्सा धान्यरूपाने घेण्याचा कायदा आला. ज्या शेताचा धनी आघाडीवर आणि नांगर बाईच्या हाती, तेथेही हे वसुलीदार पोचले. मार्च १८६३ मध्ये सॉल्सबरी गावात सैनिकांच्या बायकांनी कुऱ्हाडी घेऊन व्यापाऱ्यांच्या कोठारांपुढे ठाण मांडले आणि पीठ व मीठ घेऊन गेल्या. पळून येणाऱ्या सैनिकांचे प्रमाण वाढले ते यामुळे. त्यांतले पुष्कळजण भ्याड नव्हते. पेरणीला आले आणि पेरणी झाल्यावर पुन्हा पलटणीत गेले, अशीही उदाहरणे होती.

या अर्थव्यवहाराचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. आपला कापूस अडवून धरला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्लंड आपल्या बाजूने युद्धात उतरेल, अशी मळेवाल्यांची समजूत होती. ती फसण्याचे एक कारण हिंदुस्थानचा कापूस. खानदेश, वऱ्हाड व गुजरातचा कापूस मुंबईतून जाऊ लागला, भाव कित्येक पटींनी चढले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या भोवती शेअरसट्ट्याचे वारे उठले, समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ साली युद्ध संपल्याची बातमी येताच तो डोलारा कोसळला. न्यू बर्नच्या खाडीत बुडालेल्या शेतकऱ्याला धुळ्याच्या शेतकऱ्याचे नावही माहीत नव्हते. दोघेही एकाच बाजाराला बांधलेले होते.

सप्टेंबर १८६२ मध्ये व्हॅन्स गव्हर्नर झाला. सक्तीच्या भरतीविरुद्ध व बंदिप्रत्यक्षीकरणाच्या हक्कासाठी त्याने रिचमंडच्या सरकारशी भांडण मांडले, नाकेबंदी चुकविणारे जहाज राज्याच्या पैशाने चालवून सैनिकांना कपडे आणले. आणि त्याच व्हॅन्सने पळालेल्यांना पकडण्यासाठी राज्याचे गृहरक्षक दल डोंगरांत पाठविले. पलटण एकवीस वर्षे पुरी न झालेल्या बर्गविनकडे आली व पेटिग्र्यूच्या ब्रिगेडमध्ये गेली.

जून १८६३ मध्ये लीच्या सैन्याबरोबर ती पेनसिल्व्हेनियात शिरली. या स्वारीचे वर्णन करताना एक गोष्ट हटकून गाळली जाते. या सैन्याने वाटेत सापडलेल्या काळ्या माणसांना, त्यांत जन्मतः स्वतंत्र असलेलेही होते, धरून गुलामीत विकण्यासाठी दक्षिणेकडे हाकलले. सैनिकाच्या मनात घराच्या रक्षणाचा विचार असेल. सैन्य मात्र काय करीत होते ते हे.

१ जुलैच्या दुपारी सव्विसाव्या पलटणीसमोर उभ्या पिकाचे शेत, त्यापलीकडे विलोबी रन नावाचा काटेरी झुडपांनी भरलेला ओढा आणि ओढ्यापलीकडे चढावर एक राई होती. राईत उत्तरेची चोविसावी मिशिगन पलटण उभी होती. तीही डेट्रॉइट व त्याच्या परिसरातील साधी माणसेच. वर्षापूर्वी भरती झालेली. ओढ्याशी पोचेपर्यंत पहिली फळी विस्कटली. पुढे दोन्ही पलटणी काही पावलांच्या अंतरावरून एकमेकींवर गोळ्या झाडीत राहिल्या. निशाण धरणारा पडे, दुसरा उचले, तोही पडे. असे डझनभराहून अधिक वेळा झाले. अखेर बर्गविनने स्वतः निशाणाला हात घातला आणि बरगडीत गोळी लागून तो कोसळला. नंतर जॉन लेन या शेतकरी घरातून आलेल्या अधिकाऱ्याने निशाण उचलले. विजय दिसू लागलेला असताना मिशिगनच्या एका सार्जंटची गोळी त्याच्या मानेतून व जबड्यातून गेली. तो जगला. मिशिगनची पलटण ४९६ माणसांनिशी उतरली होती. तिची ३६३ गेली. एफ कंपनीत एक्याण्णव माणसे होती आणि गेटिसबर्गमध्ये ती सर्वच्या सर्व पडली, असे पलटणीच्या परंपरेत सांगितले जाते.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकी व हलक्या जखमांचे सैनिक रांगेत उभे करण्यात आले. संध्याकाळी पलटणीच्या बँडला, सेलम गावच्या मोरेव्हियन पंथाच्या वादकांना, जखमींची शुश्रूषा सोडून वाजविण्याचा हुकूम झाला. तिसऱ्या दिवशी जे उरले ते सुमारे मैलभर उघड्या मैदानातून तोफांच्या तोंडी चालत गेले. तीन दिवसांत पलटणीची सुमारे ६८० माणसे गेली. बर्गविनच्या सेवेला घरचा एक गुलाम होता. धन्याचे सामान घेऊन मळ्यावर परत जाण्याचे काम त्याच्याकडे आले.

ही माणसे का टिकून राहिली? सक्ती हे अर्धेच उत्तर झाले. पळून जाता येत होते, आणि शेकडो पळाले. शेजारपाजारची, नात्यातली माणसे एकाच कंपनीत असल्याने पाठ दाखविणे म्हणजे गावात तोंड दाखविणे अशक्य करणे, हेही खरे. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, गुलाम नसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यालाही गुलामगिरीतून काही मिळत होते. पैसा नव्हे, पायरी. तो कितीही कंगाल असला तरी त्याच्या खाली कोणीतरी होते, आणि त्याच्या पाठीवर चाबूक उठणार नाही याची हमी त्याच्या कातडीत होती. १९३५ साली ड्यू बॉइस यांनी याला मजुरीचाच एक प्रकार म्हटले: पोट न भरणारी, पण मानाची मजुरी. डॉ. आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमतेचे जे विश्लेषण केले आहे ते वाचलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. वरच्याविषयीचा राग खालच्याविषयीच्या तुच्छतेत जिरतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, तेव्हा त्यांनी हे साम्य बिनचूक ओळखले होते. या सैनिकांना केवळ फसवलेले म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्यामुळे त्यांचा अपमानही होतो आणि आपला अभ्यासही अपुरा राहतो.

पुढची दोन वर्षे थोडक्यात सांगता येतील. ऑक्टोबर १८६३ मध्ये ब्रिस्टो स्टेशन, मे १८६४ मध्ये विल्डरनेस, मग पीटर्सबर्गचे खंदक. कायद्याने आता सतरा ते पन्नास वयाची माणसे मागितली होती. गव्हर्नरपदाच्या १८६४ च्या निवडणुकीत विल्यम होल्डन शांततेच्या तहाचा मुद्दा घेऊन उभा राहिला. सैनिकांची मते व्हॅन्सला पडली व होल्डन हरला. पीटर्सबर्गच्या समोरच्या खंदकांत काळ्या पलटणी होत्या. ९ एप्रिल १८६५ रोजी अॅपोमॅटॉक्स येथे लीने शरणागती पत्करली तेव्हा सव्विसाव्या पलटणीतून सुमारे १३० माणसांनी शस्त्रे खाली ठेवली.

युद्धानंतर गॅलोवे १८६८ साली राज्याच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आला. व्हॅन्स १८७७ मध्ये पुन्हा गव्हर्नर झाला. त्याच्या कारकिर्दीत पश्चिमेकडील रेल्वेचे बोगदे बहुतांशी काळ्या कैद्यांच्या वेठीतून खोदले गेले. पलटणीतून घरी गेलेल्यांपैकी अनेक शेतकरी पीक गहाण टाकून सावकाराच्या वहीत अडकले. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९४ साली एक विलक्षण गोष्ट केली. पॉप्युलिस्ट पक्षाचे गोरे शेतकरी आणि रिपब्लिकन पक्षाचे काळे मतदार एकत्र आले आणि त्यांनी विधिमंडळ जिंकले. मळेवाल्यांचे व गिरणीवाल्यांचे वारस हादरले. १८९८ साली गोऱ्यांच्या वर्चस्वाची मोहीम झाली, नोव्हेंबरमध्ये विल्मिंग्टन शहरात निवडून आलेले सरकार बंदुकीच्या जोरावर उलथविण्यात आले आणि काळ्यांच्या हत्या झाल्या.

नेमक्या याच वर्षांत पलटणीची कीर्ती रचली गेली. रॅलेच्या राजभवनापुढे १८९५ साली सैनिकांचे स्मारक उभे राहिले (ते २०२० मध्ये हलविण्यात आले), १९०१ मध्ये राज्याने सर्व पलटणींचा पाच खंडांचा इतिहास छापला. १९०३ साली गेटिसबर्गला जॉन लेन आणि त्याच्यावर गोळी झाडणारा मिशिगनचा सार्जंट चार्ल्स मॅकॉनेल यांची भेट झाली, हस्तांदोलन झाले, लोकांनी टाळ्या वाजविल्या. त्या मैदानात काळ्या माणसाचा प्रश्न कोणी काढला नाही.

१९०० साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन मतदानाला साक्षरतेची आणि डोईपट्टी भरल्याच्या पावतीची अट लागली. १८६७ पूर्वी ज्याला वा ज्याच्या पूर्वजाला मत होते त्याला साक्षरतेची अट माफ करण्यात आली, म्हणजे निरक्षर गोऱ्यांना. पण ती सवलत १९०८ पर्यंत नाव नोंदविणाऱ्यांपुरतीच होती. डोईपट्टीला मात्र पूर्वजांच्या मताची ही सवलत लागू नव्हती. ती १९२० पर्यंत राहिली, आणि ज्या गोऱ्या कुळाला व गिरणीकामगाराला ती वेळेवर भरता येत नसे, त्याचे मत त्याच्या काळ्या शेजाऱ्याच्या मताबरोबर गेले.